हुकमाशिवाय चालणं

आपल्या माणसाला पाय आहेत, हे या देशाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मयताचा सांगावा न्यायचाय, पाठवा महाराला. सरकारी सारा तहसिलीत पोचवायचाय, पाठवा महाराला. साहेबाचं घोडं गावात आलं, तर त्याच्या पुढं पळायला, घोड्याला गवत टाकायला, पुढल्या गावची शिव दाखवायला महारच. डोंगर असो, नदी असो, रात्र असो की पाऊस. पाय आमचे आणि वाट त्यांच्या हुकमाची. पिढ्यान् पिढ्या आपण चाललो. पण बाबा रे, तुला कुठं जायचंय, असं त्या पायांना कुणी विचारलं नाही.

म्हणून दोस्तहो, आज तुमच्याशी एका साध्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. सकाळी एसटीत बसायचं, डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं, वर चढायचं, तळ्याकाठी बसून भाकर खायची आणि शेवटच्या गाडीनं घरी यायचं. एवढीच गोष्ट.

एक कार्यकर्ता मला तोंडावर म्हणाला, ‘सर, ही तर चळवळीतून रिटायर झालेल्या माणसाची लक्षणं.’ त्याला तसं वाटायला जागा आहे. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, नोकऱ्या कंत्राटी झाल्या, खेड्यात अजून मसणवाटीवरून डोकी फुटतात, आणि हा माणूस पोरांना घेऊन डोंगर चढतोय. ट्रेकिंग म्हणजे मोटारीतून येणाऱ्यांचा, भारी बूट घालणाऱ्यांचा खेळ. आपला काय संबंध?

माझं म्हणणं उलटं आहे. इथल्या डोंगराशी आणि पाण्याशी आपला जेवढा संबंध आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या कुणाचा असेल. फक्त तो आपल्या मर्जीचा नव्हता. तो मर्जीचा करून घेणं हे चळवळीचंच काम आहे.

माझा आजा येसकर होता. निजामाच्या राज्यातलं आमचं गाव, डोंगराच्या पोटाशी. गावाचं नाव सांगत बसत नाही. तशी गावं शेकड्यानं आहेत, तुमचंही त्यातलंच एक असेल. आजा रातीबेराती डोंगर ओलांडून सांगावे न्यायचा. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. पलीकडल्या गावात पोचला की वाड्याबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं, मग कुणीतरी वरून पाणी ओतायचं, ते ओंजळीनं प्यायचं आणि परत फिरायचं. डोंगरातली प्रत्येक चोरवाट, प्रत्येक कपार, वैशाखात कुठला झरा जिता असतो, हे सगळं त्याला पाठ. दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की शिव दाखवायला त्यालाच बोलवायचे. त्याच्या शब्दावर गावांच्या हद्दी ठरायच्या. त्या हद्दीच्या आत हाडोळ्याच्या एका तुकड्याशिवाय त्याचं काही नव्हतं.

माझी माय डोंगरात गेली ती सरपणाला आणि गवताला. कॉलेजात असताना मी तिला पहिल्यांदा म्हणालो, ‘माय, उद्या आम्ही पोरं डोंगरात चाललो.’

‘कामून? सरपण आणाया?’

‘न्हाई. नुसतं फिरायला.’

पोरगं तापात बडबडतंय असं तिनं माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, ‘रिकाम्या हातानं कुणी डोंगरात जातं व्हय रे?’

तिच्या या बोलण्यात आपला सगळा इतिहास आहे. डोक्यावर मोळी नाही, खांद्यावर दुसऱ्याचं ओझं नाही, कुणाचा सांगावा नाही आणि तरी माणूस डोंगरात चाललाय, हे तिनं आपल्या माणसांत कधी पाहिलंच नव्हतं.

आणखी एका कारणानं डोंगर आमच्या ओळखीचा होता. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. मी आठ वर्षांचा होतो. आमच्या वस्तीकडं माणसं येताहेत हे कळलं तेव्हा आजा पार थकलेला होता, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. पण वाट त्यालाच ठाऊक होती. त्यानं बायाबापड्या, लेकरं, म्हातारी अशी पंधरा-वीस माणसं अंधारात वर चढवली आणि एका कपारीत नेऊन बसवली. लेकरांच्या तोंडावर हात ठेवून बाया बसल्या होत्या. खाली वस्ती जळत होती. सांगाव्याची वाट त्या रात्री आमच्या जिवाच्या कामी आली. पुढं कित्येक वर्षं डोंगर म्हटलं की माझ्या नाकात धूर यायचा.

विद्यापीठाला नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत काय काय झालं, कोण कोण गेलं, हे तुम्हाला सांगायला नको. पोचीराम कांबळेंचं नाव तुम्हाला माहीत आहे, गौतम वाघमारेंचं माहीत आहे. मी सांगतोय ते एवढंच, की डोंगर या शब्दाचा अर्थ आपल्याकडं वेठ, सरपण आणि लपायची जागा असा होता. तो बदलायला मिलिंदनं मला मदत केली.

मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ ला बसली. औरंगाबादच्या त्या उजाड माळावर बाबासाहेबांनी नागसेनवन उभं केलं. त्या नागसेनवनातून उत्तरेकडं पाहिलं की डोंगराची ओळ दिसते आणि त्या डोंगरात बुद्धलेणी आहेत. आम्ही वसतिगृहाची पोरं एका रविवारी मकबऱ्यावरून पायीच निघालो. तेव्हा एसटीचेही पैसे नव्हते आणि त्या वाटेला ते लागतही नाहीत. तिसऱ्या लेण्यात बुद्धाच्या समोर गुडघे टेकून, हात जोडून बसलेले स्त्री-पुरुष कोरले आहेत, जवळजवळ माणसाएवढे. देव नव्हेत ते. केसांच्या बांधणीसकट, अंगावरच्या दागिन्यांसकट साधी माणसं. आम्ही गप्प झालो. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इथं चालत आलं होतं, स्वतःच्या मर्जीनं, आणि बसलं होतं. बाहेर आलो तर खाली सगळं शहर पसरलेलं. त्या दिवशी डोंगराला धुराचा वास नव्हता.

तेव्हापासून मी चालतोय. आता दर महिन्याला पाच-पंधरा पोरंपोरी बरोबर असतात. आणि आमची गाडी ठरलेली: एसटी.

एसटीचं मला कौतुक आहे आणि त्याचं कारण आहे. शहराचं नाव २०२३ साली बदललं, मध्यवर्ती स्थानकातल्या पाट्याही बदलल्या. पण कन्नडकडून चाळीसगावला जाणाऱ्या गाडीची पाटी वाचताना मी दर वेळी थांबतो. चाळीसगाव. १९२९ साली त्या गावच्या टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना टांग्यात बसवून न्यायला नकार दिला होता. टांगा मिळाला, पण हाकणारा मिळेना. शेवटी आपल्यातलाच एकजण, ज्यानं आयुष्यात टांगा हाकला नव्हता, तो पुढं बसला. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. परदेशातून एवढ्या पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, आणि गावच्या टांगेवाल्याला वाटत होतं की आपण याच्यापेक्षा वरचे. हे त्यांनीच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलंय. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ती पुस्तिका १९९० साली छापली. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी आधी ती वाचा आणि मग माझा लेख.

आज त्याच चाळीसगावच्या गाडीत कंडक्टर मशीनमधून तिकीट काढतो आणि त्यावर जात छापलेली नसते. जो आधी चढला तो बसला. हे फार मोठं आहे असं नाही, पण लहानही नाही. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्यात पोरींची संख्या वाढली. घरात भाड्यावरून होणारा वाद निम्मा झाला. उरलेला निम्मा वाद ‘पोरीच्या जातीला डोंगर कशाला’ हा आहे, आणि त्याला सवलत नाही. तो त्या पोरींनाच लढावा लागतो.

आता वाटेचं सांगतो. गाडीत बसण्याआधी कंडक्टरला विचारायचं, ‘दौलताबाद-खुलताबादवरून जाते का?’ काही गाड्या बाहेरच्या हमरस्त्यानं जातात. आपल्याला जुन्या रस्त्याची हवी. छावणी, मिटमिटा मागं टाकून शरणापूर आलं की भांगसीमातेचा डोंगर दिसतो. नवख्यांसाठी तो बरा. तासाभराची चढण, वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी. तिथून पुढं दौलताबाद, शहरापासून पंधराएक किलोमीटर.

दौलताबादच्या किल्ल्यावर आपण गडाचा इतिहास ऐकायला जात नाही. तो गाईड सांगतोच: यादव, तुघलक, अंधारी वाट, खंदक. आपण जातो १९३४ सालासाठी. त्या वर्षी बाबासाहेब आणि त्यांचे तीसेक सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. नाशिकहून निघाले. अस्पृश्य प्रवाशाला वाटेत जे भोगावं लागतं ते टाळावं म्हणून वाटेत कुणाला कळवलं नव्हतं. फक्त जिथं थांबायचं होतं तिथल्या आपल्या लोकांना सांगितलं होतं. दौलताबादला आपली माणसं चहा घेऊन वाट पाहत होती. पण अंधार पडायच्या आत किल्ला पाहू, चहा नंतर घेऊ, म्हणून हे पुढं गेले. दाराबाहेर एक लहान तळं होतं, काठोकाठ भरलेलं, भोवती फरशी. अंगावर प्रवासाची धूळ. काहींनी हातपाय, तोंड धुतलं. एवढाच गुन्हा. मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान ओरडत आला की धेडांनी तळं बाटवलं. माणसं जमली. शिव्या सुरू झाल्या. बाहेरगावचे आहोत, इथली रीत ठाऊक नाही, असं यांनी सांगितलं; तर जमावानं आपला राग इथल्या आपल्या लोकांवर वळवला. तेव्हा बाबासाहेबांनी उलट सवाल केला: तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि उद्या हाच अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या तळ्यावर याल तर खबरदार म्हणाल का? जमाव गप्प झाला. किल्ल्यात जायची परवानगी मिळाली, पण बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला. कशासाठी? यांनी आत कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून.

विचार करा. महाडला २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यालेला माणूस सात वर्षांनी दौलताबादला शिपायाच्या पहाऱ्यात किल्ला चढतोय. आणि याच रस्त्यावरच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला त्यानं हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. या तीन गोष्टी एका दोरीत ओवल्याशिवाय कुठल्याही एकीचा अर्थ लागत नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवा. दौलताबादचा प्रसंग हल्ली काही लोक फार प्रेमानं सांगतात. त्यांना महाड आठवत नाही, काळाराम आठवत नाही, फक्त दौलताबाद आठवतं, कारण तिथं ओरडणारा मुसलमान होता. त्यांना सांगा की त्याच पुस्तिकेत चाळीसगावचे टांगेवालेही आहेत आणि बडोद्याला राहायला जागा न देणारे पारशी आणि हिंदूही आहेत. जातीचं विष कुठल्या कुठल्या भांड्यात उतरलं हे बाबासाहेबांनी दाखवलं. त्यातलं एकच भांडं उचलून दुसऱ्याच्या डोक्यात घालायला ते लिहिलेलं नाही.

म्हणून आम्ही किल्ल्यावर एक करतो. वर बारादरीपाशी पोचलो की सगळ्यांनी आपापल्या बाटलीतलं पाणी एकमेकांना द्यायचं आणि प्यायचं. घोषणा नाही, फोटो नाही. मागं शिपाई नाही, एवढं लक्षात घ्यायचं आणि बसायचं.

दौलताबादच्या तटातल्या अरुंद दरवाजातून गाडी अंग चोरून जाते आणि घाट चढून खुलताबादला येते. २०२५ साली टीव्हीवाले या गावातल्या एका बादशहाच्या कबरीवरून दिवसरात्र भांडत होते. त्यांना भांडू द्या. तुम्ही मलिक अंबरची कबर विचारा. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्यानं खडकी वसवली, तेच आपलं शहर. डोंगरातलं पाणी जमिनीखालून खेळवून शहरात आणलं ती नहर-ए-अंबरीही त्याचीच. १६२६ साली तो गेला. ज्या शहरानं पुढं आपल्याला पाण्यापासून लांब ठेवलं, त्या शहराला पाणी पाजलं एका गुलामानं. हे पोरांना तिथंच, कबरीपाशी उभं राहून सांगायचं. तिथून सुलीभंजनच्या डोंगराची वाट धरली की खाली परियों का तालाब लागतो. पाऊस झाल्यावर तो पाहावा. काठावर भाकर सोडायला याहून चांगली जागा या रस्त्यावर नाही. दम असेल तर म्हैसमाळ आहे, बारा किलोमीटर, उंची हजार मीटरच्या वर. मात्र परतीची गाडी आधी विचारून ठेवायची.

वेरूळ मंगळवारी बंद असतं, हे आधी सांगतो, नाहीतर भाडं वाया. बाहेरचे लोक थेट कैलासकडं पळतात. आपण एक नंबरपासून चालत जायचं. पहिली बारा लेणी बौद्ध. त्यातल्या पाचव्याला लोक काय म्हणतात ठाऊक आहे? महारवाडा. लांबच लांब दालन, दोन्ही बाजूला खांब आणि मधोमध दगडातच कोरलेले दोन बुटके लांब ओटे. पावसापाण्यात इथं महार आसऱ्याला यायचे म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या बरोबरची पोरं चिडली. लेण्यातही महारवाडाच का, म्हणून. मी म्हटलं, बसा जरा त्या ओट्यावर. इथं भिक्खू ओळीनं बसायचे. वरचा-खालचा ओटा वेगळा नाही. संघात आला की नदी समुद्राला मिळाल्यागत त्याचं आधीचं नाव गेलं. तो संघ गेला, लेणं ओस पडलं आणि गावानं ज्यांना बाहेर काढलं ते पावसात याच दालनात शिरले. नाव हिणवायला दिलं असेल, पण पत्ता बरोबर आहे.

तथागतानं भिक्खूंना चारिका करायला सांगितलं. लोकांच्या हितासाठी गावोगाव चालत राहायचं. पावसाळ्यात तेवढं एका जागी राहायचं, तो वर्षावास. या डोंगरातली विहारं, खडकात खोदलेली पाण्याची टाकी त्या वर्षावासाची. म्हणजे आपल्याकडं चालण्याच्या दोन परंपरा आहेत. एक आज्याची, हुकमाची. दुसरी भिक्खूची, स्वतःच्या निश्चयाची. चौदा ऑक्टोबर १९५६ ला आपण पहिली सोडली आणि दुसरी धरली असं आपण म्हणतो. मग ती पायांनाही कळू द्या.

वेरूळला एकोणतिसाव्या लेण्याजवळ वेळगंगेचा धबधबा आहे, सीता की नहाणी म्हणतात. वरच्या अंगाला नदीकाठानं गणेश लेणी, जोगेश्वरीची लेणी आहेत. तिकडं फार कुणी फिरकत नाही. वाट शांत आहे, पण पावसाळ्यात कड्याच्या टोकाशी जायचं नाही. शेवाळाला तुमची विचारधारा कळत नाही.

त्याच गाडीनं आणखी पुढं गेलात की कन्नड. तिथं उतरून पितळखोऱ्याला कसं जायचं ते स्टँडवर विचारावं. गौताळ्याच्या जंगलातलं हे लेणं एका खोल दरीत आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. इसवी सनाच्या आधीचं. इथं एका यक्षाची मूर्ती सापडली, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: कण्हदास, सोनार. आणि लेण्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात पैठणचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. राजा-महाराजांची नव्हे, हातानं काम करणाऱ्यांची, व्यापाऱ्यांची नावं दोन हजार वर्षं दगडावर टिकली. याच्या उलट अजिंठा घ्या. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं लेणी शोधली असं पुस्तकात असतं. त्यानं दहाव्या लेण्यात आपलं नाव खरडलं तेही अजून दाखवतात. इथल्या माणसांना ती दरी आधी ठाऊक नव्हती काय? गुरं राखणाऱ्याला, सरपणाला जाणाऱ्या बाईला? त्यांच्या माहितीला शोध म्हणत नाहीत, कारण त्यांच्या हातात लेखणी नव्हती. म्हणून आमच्या पिशवीत भाकरीबरोबर वही असते.

वहीत काय लिहायचं? कुठल्या गावावरून गेलो, पाणी कुठं मिळालं, ते सगळ्यांना मिळतं का. १९७२ च्या सुमाराला बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ मोहीम काढली आणि गावोगाव पाणवठे तपासले. ते काम संपलं असं कुणी समजू नये. दोन वर्षांपूर्वी एका गावात, वाटेवरच्या घरी आम्ही पाणी मागितलं. ओट्यावरच्या बाईनं आमच्यातल्या एका पोरीला आधी गाव विचारलं, मग आडनाव. पोरीनं सरळ सांगितलं. बाईनं तांब्या वर धरला, वरून ओतायला. ती पोरगी ओंजळ न करता उभी राहिली. म्हणाली, ‘मावशी, तांब्या हातात द्या. नसंल द्यायचा तर राहू द्या, आमच्याकडं पाणी हाय.’

बाईनं आत पाहिलं. आत कुणीतरी खोकलं. तिनं तांब्या ओट्यावर ठेवला आणि दारातून आत गेली. पोरीनं तो उचलला, प्याली, बाकीच्यांना दिला, जागेवर ठेवला आणि ‘मावशी, येतो’ म्हणून निघाली. पुढं अर्धा कोस कुणी बोललं नाही. मला आज्याची ओंजळ आठवत होती. वहीत ती पोरगीच लिहीत होती.

तळ्यांबद्दल थोडं. मोठं तळं पाहायचं तर पैठणची गाडी. नाथसागराची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. हिवाळ्यात काठावर लांबलांबचे पक्षी उतरतात, पहाटे गेलं तर दिसतात. आपल्या शहराच्या नळाला येतं ते पाणी इथलंच, आणि ते कुठल्या वस्तीला किती दिवसांनी येतं हा हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो.

पण मला सगळ्यात जवळचं तळं एक पाझर तलाव आहे. नकाशात शोधून सापडणार नाही एवढा. १९७२ च्या दुष्काळात माझ्या मायनं त्यावर काम केलं. मातीची टोपली डोक्यावर, मजुरी आणि वर सुकडी. मी दोन वर्षांचा, बाभळीच्या झोळीत. असे तलाव, असे रस्ते, नालाबांध मराठवाडाभर त्या वर्षी लाखो हातांनी केले, आणि त्यातल्या बायांना कुणी मोजलं नाही. त्याच अनुभवातून पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. आमच्या तलावाचं पाणी पाझरलं ते खालच्या बागाइतदारांच्या विहिरींत. आमच्याकडं पाझरायला जमीनच नव्हती.

आता रविवारी तिथं शहरातून मोटरसायकली येतात. पोरं फोटो काढतात, पिशव्या टाकून जातात. काही वर्षांपूर्वी मी मायला म्हटलं, चल. एसटीनं फाट्यापर्यंत, पुढं हळूहळू पायी. तिला वाटलं होतं सारं बदललं असेल. बांधावर चढली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि काठीनं दाखवायला लागली. ‘हितून तिथवर आमच्या टोळीचं. तकडं खडी फोडायच्या बाया. तू हितं रडायचा.’ जवळच्या एका फोटोवाल्या पोराला तिनं हाक मारून सांगितलं, ‘ए बाळा, पिशवी उचल ती. आम्ही केलंय हे.’ पोरानं खरंच उचलली.

मग ती बसली. बराच वेळ काही बोलली नाही. पदराखालचे दोन्ही हात तिनं मांडीवर ठेवले होते. निघताना सवयीनं तिनं दोन-चार काटक्या गोळा केल्या आणि हसून टाकून दिल्या. म्हणाली, ‘गॅस हाय की आता.’

आमच्यात सध्या एक वाद चालू आहे, तो तुमच्यापुढं ठेवतो. तांब्यावाली ती पोरगी आता वही न्यायला नको म्हणते. तिचं म्हणणं, ‘सर, दर वेळी कामच का? सर्व्हे, नोंदी, अभ्यास. बाकीची माणसं डोंगरात नुसती जातात. आपण नुसतं कधी जायचं? का आपल्याला नुसतं चालायचाही हक्क मिळवायला आधी काहीतरी करून दाखवावं लागतं?’ दुसरे म्हणतात, वही नसेल तर आपल्यात आणि पिकनिकवाल्यांत फरक काय? दोघांचंही वजन आहे. मी स्वतः पोरीच्या बाजूला झुकलोय. वही लागेलच, जोवर तांब्या वरून ओतला जातोय तोवर लागेल. पण महिन्यातली एक फेरी अशी असावी की जिचा कुणाला हिशोब द्यायचा नाही, अगदी चळवळीलासुद्धा नाही. हुकूम कुणाचाच नको म्हटलं तर तो आपल्याच माणसांचाही नको. तुम्ही काय म्हणता ते लिहून कळवा.

तोवर येत्या महिन्यात दोन फेऱ्या. पहिल्या रविवारी पितळखोरा, वही घेऊन. तिसऱ्या रविवारी सुलीभंजन आणि परियों का तालाब, वहीशिवाय. सकाळी सहाला मध्यवर्ती बसस्थानकावर कन्नडच्या फलाटाशी जमायचं. भाकर, दोन बाटल्या पाणी, पायात घट्ट बसणारी साधी चप्पल किंवा बूट चालेल. ज्यांच्याकडं भाड्याचे पैसे नसतील त्यांनी तसं सांगावं, वर्गणी करून भागवू. आईला, आजीला आणायचं असेल तर जरूर आणा. पंच्याहत्तरीच्या पुढं तिकीटच नाही. जय भीम.